विहिरीतलं पाणी कोणाचं?

पुणतांब्याला गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट आहे. घाट बांधणाऱ्याचं नाव राहिलं. पाण्यावर मात्र कुणी नाव घातलं नाही.

याच पुणतांब्याहून २००९ पासून शिर्डीला रेल्वेचा फाटा जातो. यात्रेकरूच्या हाती आता पाण्याची बाटली असते. १९६५ साली मुंबईत 'बिसलेरी' आली, तेव्हा पाणी विकत घेणं ही चैन होती. आज लग्नाच्या मांडवातही पाण्याचे जार येतात. बहुतेकदा हे पाणी कुठल्या तरी गावच्या बोअरमधून उपसलेलं असतं. मग ते कोणाचं?

जुना कायदा म्हणे, जमीनमालकाचं. १८८२ चा सुविधाधिकार कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. ठराविक प्रवाहातून न वाहणारं भूजल आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क त्यानं मालकाला दिला. मोटेच्या काळी हे खपून गेलं; बैल ओढतील तेवढंच पाणी निघे. विजेचे पंप आले आणि एकाच्या उपशानं शेजाऱ्याची विहीर आटू लागली.

१९९३ मध्ये महाराष्ट्रानं भूजलाचा कायदा केला. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खणायला बंदी आली. त्याची जागा घेणारा २००९ चा कायदा २०१४ मध्ये अमलात आला. मधल्या काळात केरळमधल्या प्लाचिमाड्याच्या शीतपेय कारखान्याचा खटला गाजला. भूजल ही जनतेची ठेव आहे आणि सरकार तिचं विश्वस्त आहे, असं तिथल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी २००३ मध्ये म्हटलं. २००५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं मात्र कारखान्याला रोज पाच लाख लिटरपर्यंत उपशाची मुभा दिली. पुढं २०२० च्या केंद्रीय नियमांनी अतिउपसा झालेल्या भागात बाटलीबंद पाण्याच्या नव्या कारखान्यांना, अगदी लहान उद्योगांनाही, परवानगी नाकारली.

म्हणजे नियम आहेत. पण ५०० मीटरचं अंतर जमिनीवर मोजलं जातं. खडकाच्या भेगांतलं पाणी ती रेघ पाळत नाही. म्हणून परवानगी देण्याआधी ग्रामसभेला विचारावं, आणि पंपावर मीटर बसवून त्याची नोंद दर महिन्याला चावडीवर लावावी. उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला, तर आधी गावाचा हंडा भरावा, मग बाटली.

घाट बांधणाऱ्यांनी पाण्याकडे जायची वाट बांधली. ती अडू नये, एवढंच कायद्यानं पाहायचं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)