लूना (मोपेड)

लूना : सायकल व मोटारसायकल यांच्या मधल्या वर्गातील पायडलची दुचाकी. कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने ती १९७२ मध्ये बाजारात आणली. कारखाना अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे. महाराष्ट्राच्या वाहन-वारशात बजाजच्या स्कूटरखालोखाल तिचे स्थान मानले जाते.

इतिहास : उद्योजक हस्तीमल फिरोदिया व त्यांचे पुत्र अरुण फिरोदिया यांनी हा प्रकल्प उभारला. पहिली लूना पिआज्जो या इटालियन कंपनीच्या ‘चाओ’ (१९६७) या मोपेडवर बेतलेली होती. देशात त्यापूर्वी तिरुपतीची ‘सुवेगा’ ही मोपेड होती. स्कूटरसाठी मात्र नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे.

रचना : एक सिलिंडर, दोन आघातांचे (टू-स्ट्रोक), सुमारे ५० सीसीचे इंजिन. क्लच आपोआप लागतो, गिअर नाहीत. गाडी स्टँडवर चढवून पायडल मारले की इंजिन सुरू होते. पेट्रोल संपल्यास पायडल मारतच घरी नेता येते, मात्र सायकलीपेक्षा वजन बरेच जास्त असल्याने चढावर दमछाक होते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. त्याचे प्रमाण वाढले की प्लगवर काजळी धरते व गाडी सुरू होत नाही; मग प्लग खोलून पॉलिश पेपरने घासायचा, पुसायचा आणि पुन्हा बसवायचा. सायलेन्सर तुंबल्यास गाडी ओढत नाही, म्हणून मेकॅनिककडून तो जाळून घेत. पुढचा भाग मोकळा व खालचा असल्याने साडी नेसूनही चालवता येई. टीएफआर, सुपर, डबल प्लस, मॅग्नम ही नंतरची मॉडेल्स.

वापर : शिक्षक, विमा एजंट, दूधवाले, महाविद्यालयीन मुली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो.

जाहिरात : जाहिरातकार पीयूष पांडे यांच्या आरंभीच्या गाजलेल्या कामांत लूनाची जाहिरात गणली जाते.

उतरण : टीव्हीएस ५० (१९८०) व बजाज एम-५० (१९८१) यांची स्पर्धा, १०० सीसीच्या चार-आघाती मोटारसायकली आणि प्रदूषणाचे कडक होत गेलेले निकष ही कारणे सांगितली जातात.

सद्यःस्थिती : फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने विजेवर चालणारी ‘ई-लूना’ आणली. तिला पायडल नाही. त्यामुळे नाव तेच असले, तरी रचनेच्या दृष्टीने ती मोपेड ठरत नाही.