जुनी मांडणी, नवी मांडणी

संगणकाच्या पडद्यावर खिडक्या, पट्ट्या व चित्रें यांची जी रचना दिसते, तिला ‘डेस्कटॉप’ म्हणतात. लिनक्स प्रणालींत अशा मांडण्या अनेक आहेत. त्यांतून कायमची सोबत कोणाची धरावी, या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या इतिहासांत सांपडतें.

१९९६ सालीं मथायस एट्रिख या जर्मन विद्यार्थ्यानें ‘केडीई’चा संकल्प जाहीर केला. परंतु तिचा पाया असलेली ‘क्यूटी’ ही सामग्री त्या वेळीं पूर्णपणें मुक्त परवान्याची नव्हती. उद्यां मालकानें दार लावलें तर काय, या शंकेनें मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनीं १९९७ सालीं ‘ग्नोम’ उभारण्यास घेतली. २००० सालीं क्यूटीही मुक्त झाली. दोन घराणीं मात्र कायम राहिलीं.

खरी कसोटी पुढेंच होती. २०११ च्या एप्रिलमध्यें ग्नोमची तिसरी आवृत्ति निघाली आणि हाताला सरावलेली वरची यादी व खालची पट्टी नव्या मांडणींतून नाहींशी झाली. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीं उघड नाराजी दर्शवून ‘एक्सएफसीई’चा आश्रय घेतला. पण जुन्या आवृत्तीची मूळ आज्ञावली सर्वांस खुली होती. म्हणून त्याच वर्षीं तिच्यापासून ‘माटे’ जन्मास आली.

रूपाची मोहिनी चार दिवसांची. निर्मात्याचें मन पालटलें तरी जिची डागडुजी इतरांस करतां येते आणि ती करणारे हातही जिला लाभतात, तीच मांडणी जन्माची सोबतीण ठरते.