जुन्या स्पोर्ट्स कारला नवा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर : पॉवर वाढते की नुसता खर्च?

इंजिनाच्या खोलीत बसवलेला चकचकीत लाल किंवा निळा गोळा, वर बोटाएवढं गोल मीटर आणि खाली कॅप्शन : 'पिकअप दुप्पट!' गाड्यांची रील्स पाहणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. हा गोळा म्हणजे ॲडजस्टेबल फ्युएल प्रेशर रेग्युलेटर. ऑनलाइन मागवला की तो तालुक्याच्या गावीही घरपोच येतो. गॅरेजमध्ये तासा-दोन तासांत बसतोही.

पण तो खरंच पॉवर वाढवतो का? आणि जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या मुक्ताईनगर-भुसावळ-जळगाव पट्ट्यात तो बसवताना काय सांभाळायला हवं? समजून घेऊया.

रेग्युलेटर नेमकं करतो काय?

पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला विजेवरचा पंप पेट्रोल ढकलतो. ते फिल्टरमधून फ्युएल रेलमध्ये येतं. फ्युएल रेल म्हणजे इंजेक्टर जिथे बसवलेले असतात ती नळी. पंप सतत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो. त्यातलं इंजिनाला लागेल तेवढं ठेवून बाकीचं रिटर्न पाइपने टाकीत परत पाठवायचं, हे रेग्युलेटरचं काम.

त्याच्या आत एक रबरी पडदा आणि एक स्प्रिंग असते. पेट्रोलचा दाब स्प्रिंगपेक्षा जास्त झाला की पडदा उचलला जातो आणि रिटर्नची वाट उघडते. दाब कमी झाला की वाट बंद होते. बऱ्याच मल्टिपॉइंट इंजेक्शन गाड्यांत हा दाब ३ बारच्या आसपास असतो. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, त्यामुळे ३ बार म्हणजे सुमारे ४३.५ पीएसआय.

रेग्युलेटरला आणखी एक बारीक पाइप असतो. तो इनटेक मॅनिफोल्डला जोडलेला असतो. गाडी आयडलवर असताना मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, म्हणून रेलमधला दाब ३ वरून साधारण अडीच बारपर्यंत उतरतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ओढ संपते आणि दाब पुन्हा ३ बार होतो. म्हणजे इंजेक्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक कायम सारखाच राहतो.

हाच सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. गाडीचा ईसीयू इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. त्या वेळेत किती पेट्रोल पडेल याचं गणित दाबाचा फरक ठरलेला आहे असं धरूनच केलेलं असतं. रेग्युलेटर पॉवर तयार करत नाही. तो ईसीयूचं गणित खरं ठेवतो.

मग दाब वाढवला तर काय होतं?

इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दाब ३ बारवरून ४ बार केला, म्हणजे ३३ टक्के वाढवला, तर पेट्रोल साधारण १५ टक्केच वाढतं. आणि पेट्रोल वाढलं म्हणून हवा वाढत नाही. जास्तीचं पेट्रोल अर्धवट जळतं. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो.

पीयूसीलाही फटका बसतो. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल कारसाठी आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे. पेट्रोल जास्त झालं की सर्वात आधी हाच आकडा वर जातो.

पंपाचंही एक गणित आहे. दाब जितका जास्त, तितकं पंप कमी पेट्रोल देतो. जुना, थकलेला पंप ४ बारवर भरधाव गाडीची गरज भागवू शकला नाही, तर नेमकं जोर लागताना पेट्रोल कमी पडतं. तेव्हा इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनपर्यंत नुकसान जाऊ शकतं.

अपग्रेड कधी खरंच लागतं?

तीन वेळा. पहिली, टर्बो बसवल्यावर. टर्बोने मॅनिफोल्डमध्ये ०.७ बार दाब भरला, तर रेलमधला दाबही तेवढाच वाढून ३.७ बार व्हायला हवा. दुसरी, मोठा पंप बसवल्यावर. त्याचं जास्तीचं पेट्रोल मूळ रेग्युलेटरच्या बारीक तोंडातून परत जाऊ शकत नाही आणि दाब आपोआप चढतो. तिसरी, मूळ रेग्युलेटर खराब झालाय आणि कंपनीचा पार्ट मिळतच नाही तेव्हा.

तिसरं कारण भारतातल्या जुन्या स्पोर्ट्स कारना जास्त लागू पडतं. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवा. १९९८ च्या सुमारास आलेली ही दोन सीटची, फायबरग्लास बॉडीची उघडी गाडी. इंजिन रेनॉल्टचं, ११४९ सीसी आणि सुमारे ६० हॉर्सपॉवरचं. फार थोड्या गाड्या बनल्या, त्यामुळे शोरूममध्ये जाऊन पार्ट मागण्याचा प्रश्नच नाही. अशा गाडीचा दाब किती असावा हे बॉडीच्या नावावरून नाही, तर इंजिनाच्या मॉडेलवरून शोधावं लागतं. फियाट पॅलिओ १.६ किंवा जुनी होंडा सिटी व्हीटेक हौसेनं जपणाऱ्यांनाही हेच लागू आहे : आधी त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा, मग खरेदी.

दोन ठिकाणी मात्र हा गोळा सरळ बसतच नाही. काही गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच, पंपासोबत असतो आणि इंजिनापासून परत येणारा पाइप नसतो. तिथे वेगळा रिटर्न पाइप टाकावा लागतो. आणि कार्ब्युरेटरच्या गाडीला, उदाहरणार्थ प्रीमियर पद्मिनीला, अवघा ०.२ ते ०.३ बार दाब पुरतो. तिला इंजेक्शनचा रेग्युलेटर आणि पंप लावला तर कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होऊन गरम इंजिनावर पेट्रोल सांडतं.

जुना रेग्युलेटर खराब आहे हे कसं ओळखायचं?

मॅनिफोल्डकडे जाणारा बारीक पाइप काढून हुंगा. आत पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर पडदा फाटला आहे. तो बदलायलाच हवा. काळा धूर, काळे प्लग आणि घसरलेलं ॲव्हरेज ही जास्त दाबाची लक्षणं. चढावर किंवा ओव्हरटेक करताना गाडी धक्के मारत असेल तर दाब कमी पडतोय. पण हीच लक्षणं तुंबलेल्या फिल्टरची, थकलेल्या पंपाची किंवा पंपाला कमी व्होल्टेज मिळण्याचीही असतात. म्हणून गेज लावून दाब मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

बसवायचा कसा?

हे काम इंजेक्शन गाड्यांचा अनुभव असलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. तो काय करतोय हे कळावं म्हणून क्रम असा :

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून गाडी चालू करा. रेलमधलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल. मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. जागा मोकळ्या हवेची हवी. बिडी-सिगारेट, वेल्डिंग, ग्राइंडर जवळ नको. अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा.

२. नवा रेग्युलेटर इंजिनावर नाही, बॉडीवर बसवा. एक्झॉस्टपासून जितका लांब तितका चांगला.

३. पाइपवर 'एसएई जे३०आर९' छापलेलं आहे का पाहा. हा इंजेक्शनच्या दाबासाठीचा पाइप. कार्ब्युरेटरसाठीचा साधा पाइप दिसायला तसाच असतो, पण तो या दाबासाठी नसतो. क्लिपही गुळगुळीत पट्टीची, इंजेक्शनसाठीची घ्या. खाचांची साधी क्लिप रबर कापते.

४. रिटर्न पाइप बारीक घेऊ नका. वाट अरुंद झाली तर स्क्रू कितीही फिरवला तरी दाब खाली येत नाही.

५. ओ-रिंगला किंचित तेल लावून बसवा. शंकूच्या आकाराचे फ्लेअर जोड धातूवर धातू बसून बंद होतात, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. टेपचा तुकडा इंजेक्टरमध्ये जाऊन अडकतो.

६. बॅटरी आणि फ्यूज जोडा. सेल्फ न मारता चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा आणि प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून पाहा. एक थेंबही दिसला तर पुढे जाऊ नका.

७. गाडी चालू करून आयडलवर ठेवा. मॅनिफोल्डचा बारीक पाइप काढून त्याचं तोंड बंद करा आणि मग दाब मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावा. पाइप जोडलेला असताना दाब लावणं ही नेहमी होणारी चूक आहे. तसं केलं तर प्रत्यक्ष दाब अर्धा बार जास्त लागतो. लॉकनट आवळा, पाइप परत जोडा, दाब खाली उतरतो का पाहा.

८. स्कॅनर लागत असेल तर फ्युएल ट्रिम बघा. तो शून्याच्या दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. टर्बो गाडीत एवढ्यावर भागत नाही, वाइडबँड सेन्सर लावून ट्यूनिंग करून घ्यावंच लागतं.

खान्देशच्या उन्हात वेगळं काय?

मुक्ताईनगर राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे, पूर्वीचा महामार्ग ६. उन्हाळ्याच्या दुपारी महामार्गावर गाडी पळवून एखाद्या धाब्यावर थांबलात की इंजिन बंद होतं, पण बॉनेटखालची उष्णता काही वेळ वाढतच राहते. रेलमध्ये दाब टिकून असेल तर पेट्रोल द्रव राहतं. दाब गळाला तर त्याची वाफ होते आणि नंतर सेल्फ मारत बसावं लागतं.

इथेच अपग्रेड उलटू शकतं. बरेचसे ॲडजस्टेबल रेग्युलेटर गाडी बंद केल्यावर दाब धरून ठेवत नाहीत. पुण्या-मुंबईच्या गाडीत जे जाणवत नाही ते मे महिन्यात मुक्ताईनगरला रोज जाणवेल. म्हणून घेण्याआधी बंद गाडीत दाब टिकतो का ते विचारा. बसवल्यावर गाडी बंद करून गेजचा काटा किती लवकर पडतो ते पाहा. आणि शेवटची तपासणी सकाळच्या गारव्यात नाही, तर भर दुपारी गाडी फिरवून आणल्यावर करा. तापल्यावर सैल होणारे जोड तेव्हाच उघडे पडतात.

आणखी एक गोष्ट. परत जाणारं पेट्रोल इंजिनाची उष्णता टाकीत घेऊन जातं. टाकीत पेट्रोल कमी असेल तर ते लवकर तापतं आणि पंपावर ताण येतो. उन्हाळ्यात टाकी रिझर्व्हवर आणू नका.

ई२० साठी दाब वाढवावा का?

२०२५ मध्ये देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलसाठी हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ ला १ असतं, ई२० साठी ते सुमारे १३.५ ला १ होतं. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागतं. त्यामुळे 'दाब साडेतीन बार कर' असा सल्ला मिळतो.

ज्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर चालू आहे तिथे याची सहसा गरज नाही. एवढा फरक ईसीयू स्वतः भरून काढतो. खरा प्रश्न रबराचा आहे. जुन्या गाडीतले पाइप, ओ-रिंग आणि रेग्युलेटरचा पडदा एवढ्या इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात, चिरतात. म्हणून नवा रेग्युलेटर घेताना रंग पाहू नका. पडदा आणि सील इथेनॉलला टिकणाऱ्या एफकेएम म्हणजे व्हिटॉन रबराचे आहेत का, ते पाहा. वीस वर्षं जुने पाइप तसेच ठेवून फक्त रेग्युलेटर बदलणं धोक्याचं आहे. नव्या दाबाने जुना पाइप फुटला तर पेट्रोलचा फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर जातो, आणि फायबर बॉडीची गाडी पेटली तर विझवायला फार वेळ मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मूळ दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. खराब रेग्युलेटरच्या जागी त्याच दाबाचा रेग्युलेटर बसवल्याने आरसीवरचा तपशील बदलत नाही. पण त्यासोबत टर्बो किंवा दुसरं इंजिन आलं की जळगावच्या आरटीओत आधी विचारणं भाग आहे. १५ वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणासाठी गाडीची तपासणी होते, तेव्हा असे बदल लपत नाहीत. विमा कंपनीलाही कळवून ठेवा. आग लागल्यावर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न बदलांचाच निघतो.

थोडक्यात

गाडी मूळ अवस्थेत असेल आणि गेजवर दाब बरोबर येत असेल, तर महागडा रेग्युलेटर बसवून काहीच मिळणार नाही. तेच पैसे नवा फिल्टर, इथेनॉलला टिकणारे पाइप आणि चांगल्या क्लिपांवर घाला. टर्बो, मोठा पंप किंवा न मिळणारा पार्ट यापैकी कारण असेल तर जरूर बसवा, पण दाब मॅन्युअलमधलाच ठेवा. आणि कोणी 'स्क्रू दोन फेरे आवळ, पिकअप वाढेल' म्हणालं, तर त्याला आधी गेज लावायला सांगा.