संगणकाचा आवाज : जुनें आणि नवें

देवनारच्या रहिवाशांना गोवंडी स्थानक नित्य परिचयाचें आहे. ज्या हार्बर मार्गावर तें आहे, त्याच मार्गानें १९२५ सालीं बोरीबंदर ते कुर्ला अशी हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. तिचा प्रवाह १५०० व्होल्टचा व एकाच दिशेचा होता. एप्रिल २०१६ मध्यें या मार्गावर २५,००० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह सुरू झाला. मधल्या काळांत दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या मुंबईंत आल्या. म्हणून स्थित्यंतर चालू असतांनाहि उतारूंना वेळेवर कामावर जातां आलें. नवें आणतांना जुन्याची सोय कोठवर पाहावी, हाच प्रश्न संगणकाच्या आवाजाच्या इतिहासांतहि उपस्थित झाला.

१९९१ सालीं हेलसिंकी येथें लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा आरंभ केला. लिनक्सच्या मध्यभागीं कर्नल असतो. यंत्राचे सर्व अवयव त्याच्या आज्ञेंत चालतात. त्याला गरजेप्रमाणें जोडतां येणाऱ्या भागांस मॉड्यूल म्हणतात. हन्नू साव्होलैनेन या फिनिश गृहस्थांनीं आवाजासाठीं जी व्यवस्था रचली, ती पुढें ओपन साउंड सिस्टिम या नांवानें ओळखली गेली. तिची रीत सोपी होती. प्रोग्रामनें ‘डीएसपी’ नांवाचें दार उघडावें आणि त्यांत आवाज ओतावा. पुढें १९९८ सालीं यारोस्लाव्ह किसेला यांनीं अल्सा ही नवी व्यवस्था आरंभिली, आणि डिसेंबर २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कर्नलमध्यें तिला मानाचें स्थान मिळालें.

परंतु जुन्या प्रोग्रामांना नवा पत्ता कोठून ठाऊक असणार? म्हणून अल्सानें जुन्या रीतीचें सोंग घेणारें एक मॉड्यूल दिलें. जुन्या प्रोग्रामनें दार ठोठावलें, कीं कर्नल तें मॉड्यूल आपण होऊन जोडी.

वादाचें मूळ येथेंच आहे. एक पक्ष म्हणे, ही आपोआप जोडणी काढली, तर कालपर्यंत बोलणारे प्रोग्राम आज मुके होतील. वापरणाऱ्यांचे चालू प्रोग्राम कर्नलमधील बदलानें बिघडूं नयेत, हा टोर्वाल्ड्स यांचा दंडक तर प्रसिद्धच आहे. दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि पोकळ नव्हतें. जुन्या दारानें शिरलेला प्रोग्राम थेट साउंड कार्डाचा ताबा घेई. अनेक आवाज एकत्र करण्याची सोय कार्डांत नसली, म्हणजे बाकीच्यांनीं गप्प बसावें! शिवाय आवाजासाठीं राखलेल्या १४ या क्रमांकाचीं सारीं दारें कर्नल आधींच अडवून ठेवी. त्यामुळें जुन्या प्रोग्रामांची सोय कर्नलच्या बाहेरून अधिक शहाणपणानें करूं पाहणाऱ्यास जागाच उरत नसे.

२००९ सालीं तेजून हिओ या कोरियन कारागिरानें तोडगा सुचविला. दारें आधींच अडविणें ऐच्छिक करावें, आणि मॉड्यूलला हांक मारतांना जुन्या नांवांबरोबर नवें नांवहि घ्यावें. हा तोडगा स्वीकारला गेला, आणि जुनी वहिवाट ज्यास हवी त्यास ती ठेवतां आली. उबुंटूनें मात्र ऑक्टोबर २०१० च्या आवृत्तींत आपल्या कर्नलमधून जुनें सोंग वगळलें. तेथें जुना प्रोग्राम दुभाष्यामार्फत चालवावा लागे.

या इतिहासाचें तात्पर्य काय? जुन्याचा मान राखणें म्हणजे सगळी जागा त्याच्या नांवें अडवून ठेवणें नव्हे. जुन्या माणसानें दार ठोठावलें तर आंतून उत्तर मिळालें पाहिजे. मग तें उत्तर कोणी द्यावें, याची निवड नव्या पिढीकडे असावी. ज्याचा प्रोग्राम एका रात्रींत मुका होतो, त्याला सुधारणेचें कौतुक वाटत नाहीं. आणि ज्याला जुन्यापायीं कायमचें अडून बसावें लागतें, त्याला परंपरेचें प्रेम उरत नाहीं. सुज्ञ सुधारकानें या दोघांचेंहि ऐकावें.