देवाच्या नावावरचं रान

शुक्रवारी रात्री रिलीज संपवून घरी पोचलो आणि मामाचा फोन आला. मामा म्हणजे माझा सख्खा मामा, वैजापूर तालुक्यातल्या एका लहानशा गावात शेती करतो. पाऊस, कांद्याचा भाव आणि माझं लग्न, या ठरलेल्या क्रमाने गप्पा झाल्यावर तो मुद्द्यावर आला.

"देवळाचा जीर्णोद्धार काढलाय. पत्रे काढून स्लॅबचा सभामंडप करायचाय. तुझ्या नावापुढं अकरा हजार लिहितो."

"लिहा की मामा. पण मंडप किती मोठा?"

"मोठाच आहे. मधी येणारी झाडं काढावी लागतील. नऊ-दहा असतील."

आणि मी गप्पच झालो. ही झाडं माझ्या ओळखीची आहेत. खंडोबाच्या देवळाभोवती पाऊण एकरभर कडुनिंब, चिंचा, एक वड आणि कडेला हिवराची खुरटी गर्दी. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं दुपारभर तिथेच असायचो, कारण गावात दुसरीकडे कुठे सावलीच नव्हती. वैजापूर पर्जन्यछायेतलं. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. रोटेगाव स्टेशनवर उतरून गावाकडे निघालं की ते हिरवं टिपूस दोन-तीन किलोमीटरवरून दिसायचं. आजी तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलू द्यायची नाही. "देवाचं लाकूड चुलीत घालत नाहीत," एवढंच सांगायची. का, ते कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला झाडांचं एवढं काय? सांगतो. त्यासाठी आधी जरा इंग्लंडला जाऊन यावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी मी तीन महिने ऑनसाईट होतो, केंब्रिजला. शनिवार-रविवारी सगळे लंडन गाठायचे. माझं लंडन दोन वेळा पाहून झालं होतं, म्हणून एका शनिवारी एक सहकारी मला शहराच्या पश्चिमेला असलेल्या हेली वूड नावाच्या एका रानात घेऊन गेला. मी आपला शेरवूड वगैरे काहीतरी भव्य डोक्यात घेऊन गेलेलो. प्रत्यक्षात काय, तर चारी बाजूंनी गव्हाची शेतं आणि मधे सव्वाशे एकरांच्या आतबाहेरचा झाडांचा एक तुकडा. तासाभरात फिरून होतो. मनात म्हटलं, यापेक्षा आमचं भीमाशंकर बरं!

पण मग सहकाऱ्याने सांगितलं की या रानाची लेखी नोंद १२५१ सालची आहे. ईलीच्या बिशपने आपल्या जमिनींची मोजदाद करवून घेतली होती, त्यात हे रान नावानिशी आहे. १२५१! आपल्याकडे देवगिरीला तेव्हा यादवांचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायचा होता. रानाच्या कडेने जुना बांध आणि चर अजून दिसतो. झाडं बुंध्यापाशी तोडायची, फुटवे वाढू द्यायचे, काही वर्षांनी पुन्हा तोडायचे, अशी पद्धत तिथे शतकानुशतके चालली. म्हणजे हे रान वापर असूनही टिकलं, किंबहुना वापर होता म्हणूनच टिकलं. सरपण आणि लाकूड देणारी ती मिळकत होती, आणि मिळकतीची कागदपत्रं माणूस जपून ठेवतोच.

ऑलिव्हर रॅकहॅम (१९३९ ते २०१५) या केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही जुनी दफ्तरं वाचली आणि त्याच वेळी रानात जाऊन बांध, खोडं, फुलं तपासली. एकट्या हेली वूडवर त्याचं १९७५ साली पुस्तक आलं. इंग्लंडमध्ये आता 'प्राचीन वन' म्हणायचं तर एक साधा नियम आहे: १६०० सालापासून तिथे सलग रान असलं पाहिजे. १६०० का? तर त्याआधी मुद्दाम झाडं लावून रान करायची पद्धत फारशी नव्हती, म्हणून तेव्हा असलेलं रान बहुधा मूळचंच. हेली वूड १९६२ साली तिथल्या निसर्गप्रेमींच्या एका न्यासाने विकत घेतलं आणि तेव्हापासून ते त्यांच्याकडेच आहे.

परतीच्या बसमध्ये डोक्यात एकच किडा. आपल्याकडे असं लहानसं, जुनं, सलग टिकलेलं रान कुठे आहे? आणि मग लक्षात आलं, अरे, आहे की! देवराई.

पुण्यात परत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात दोघे मित्र आहुप्याला गेलो. मंचर, घोडेगाव, डिंभे धरण आणि मग धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जाणारा, कंबरेचे टाके ढिले करणारा रस्ता. आहुपे हे आंबेगाव तालुक्यातलं सह्याद्रीच्या अगदी धारेवरचं महादेव कोळ्यांचं गाव. कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण आणि समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाची टोकं. गावाजवळच भैरवनाथाची राई.

उन्हातून आत शिरलो आणि एसी लावल्यासारखं गार वाटलं. पायाखाली पानांचा जाड थर, पाऊल टाकलं की दबतो. जांभूळ, हिरडा, आंबा अशी ओळखीची झाडं, पण न ओळखता येण्याएवढी उंच. वर एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली गारंबीची वेल माझ्या मांडीएवढी जाड. तिच्या शेंगा हातभरापेक्षाही लांब असतात. शेकरू एकदाच दिसलं, तेही शेपटीपुरतं. वाटेत भेटलेल्या एका आजोबांना विचारलं, इथलं लाकूड कोणी नेत नाही का? ते म्हणाले, "इथं कुऱ्हाड चालत नाही." म्हटलं, नेलं तर? ते हसले फक्त.

केंब्रिजला बिशपची वही होती, इथे वही नाही. इथे ते हसू होतं.

घरी येऊन वाचायला घेतलं आणि दोन-तीन वीकेंड त्यातच गेले. माधव गाडगीळ हार्वर्डहून १९७१ साली पुण्यात परतले आणि आघारकर संशोधन संस्थेतले (तेव्हा तिचं नाव वेगळं होतं) वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर देवराया पालथ्या घालू लागले. या दोघांनी १९७५ आणि १९७६ साली देवरायांवर लेख लिहिले, आणि १९८१ साली महाराष्ट्रातल्या दोनशेहून अधिक देवरायांची यादीच केली. त्या काळात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची काळकाईची राई तोडली जाणार होती. गावकऱ्यांनी या शास्त्रज्ञांकडे धाव घेतली. त्यांचं म्हणणं भक्तीचं कमी आणि पाण्याचं जास्त होतं: आमचा ओढा या राईतून निघतो, राई गेली की ओढा जाईल.

यामागचं गणित सोपं आहे. पानांचा थर पावसाचा मार झेलतो, मुळांनी सैल केलेली माती पाणी पिते आणि ते पुढे महिनोन् महिने सावकाश झिरपत राहतं. उघड्या डोंगरावरचं तेच पाणी दोन तासांत खाली जातं, जाताना माती घेऊन. म्हणजे त्या देवीच्या भीतीमागे एक चालती पाणीपुरवठा योजना होती.

पण म्हणून 'आपले पूर्वज किती थोर पर्यावरणवादी' असं लगेच म्हणायची मला घाई नाही. त्यांनी राईबाहेरचं रान तोडलं, जाळलं, त्यावर नाचणी-वरई पेरली. फक्त एक तुकडा हात न लावता ठेवला आणि त्यावर देव बसवला. जुन्या राज्यकर्त्यांनाही झाडांची किंमत कळत होती. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कुठून आणावं हे सांगताना आंबा-फणसाला हात लावू नका, असं बजावलंय. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदी जीर्ण झाड लागलंच, तर मालकाला राजी करून आणि पैसे देऊन घ्या.

इंग्रज आल्यावर मामला बदलला. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे रेल्वे धावली, आणि रूळ पसरत गेले तशी स्लीपरसाठी लाकडाची भूक वाढली. १८६४ साली डिट्रिश ब्रँडिस हा जर्मन माणूस हिंदुस्थानचा पहिला इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स झाला. गंमत म्हणजे त्यानेच देशभरच्या देवरायांविषयी आस्थेने लिहूनही ठेवलं. पण १८७८ च्या वन कायद्याने रानाचे राखीव, संरक्षित असे वर्ग पाडले आणि गावाचं रान सरकारचं झालं. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) या जंगल खात्यावर कोरडे ओढलेत ते उगाच नाही. गुरं चारायला मोकळे असलेले डोंगर एका फटक्यात बंद झाले होते. आमचं वैजापूर तेव्हा निजामाकडे, पार १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. पण मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास आमच्याही दारातून गेलीच.

एकदा रान 'सरकारी' झालं की त्याचं काय होतं, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांचं ते कोणाचंच नाही. देवाच्या नावावरचे तुकडे मात्र त्यातूनही बरेचसे वाचले. तिथे रखवालदार लागत नव्हता, आजीचं एक वाक्य पुरत होतं.

आता तेच वाक्य कमी पडायला लागलंय. आणि विचित्र गोष्ट ही, की देवावरची श्रद्धा कमी झालेली नाही. उलट हातात पैसा आल्यावर ती वाढलीच आहे. फक्त श्रद्धेचा पत्ता बदललाय. पूर्वी देव झाडीत राहायचा, आता त्याला फरशी, रंगीत कळस आणि स्लॅब लागतो. अनेक ठिकाणी राईवर कुऱ्हाड येते ती देऊळ पाडायला नव्हे, तर देऊळ वाढवायला. ही कुऱ्हाड अडवणार कोण? शेंदूर फासलेल्या दगडाला हात लावायला माणूस घाबरतो, पण जीर्णोद्धार म्हटलं की घाबरायचं कारणच उरत नाही. मी स्वतः अकरा हजार लिहून घ्यायला निघालोच होतो की!

कायद्याचीही थोडी मदत आहे. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'समुदाय राखीव क्षेत्र' ही सोय आली. १८ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या 'ओरण' म्हणजे तिथल्या देवरायांबाबत निकाल देताना प्रत्यक्ष पाहणीने आणि उपग्रहावरून त्यांचे नकाशे करायला सांगितलं. म्हणजे शेवटी गाडी नोंदीवरच येऊन थांबली. पण आमच्या पाऊण एकराची नोंद करायला उपग्रह कधी यायचा?

म्हणून पुढच्या शनिवारी मीच गेलो. बरोबर शिंप्याकडची टेप, वही आणि मामाचा आठवीतला नातू. त्याला म्हटलं, तू टेप धर, मी लिहितो. छातीच्या उंचीवर प्रत्येक खोडाचा घेर मोजला. मोठी झाडं भरली तेवीस. सगळ्यात जाड कडुनिंब सव्वाअकरा फूट. आजी आता नाही, पण गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या येऊन बसल्या आणि त्यांनी कितीतरी भर घातली. या चिंचेखाली बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाया भाकरी खायच्या. त्या वडाला तेव्हाही एवढ्याच पारंब्या होत्या. हे सगळं झाडाच्या नंबरापुढे लिहून घेतलं. रात्री मामाच्या ओसरीवर लॅपटॉप उघडून एक्सेल शीट केली, नकाशा काढला आणि मंडपाचा प्रस्तावित चौकोन त्यावर ठेवून पाहिला. मंडप पूर्वेला पंधरा फूट सरकवला आणि एक बाजू थोडी कमी केली, तर नऊऐवजी दोनच झाडं मधे येत होती.

मामाने चष्मा लावून बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं. "हे कमिटीला दाखवावं लागेल. पाया आखून झालाय."

"मामा, अकराचे एकवीस लिहा. पण हा कागद पावतीबरोबर लावा."

"लाच देतो का देवाला?"

"देवाला नाही, कमिटीला."

तो हसला. बैठक पुढच्या अमावस्येला आहे. तेवीस झाडांच्या यादीच्या दोन प्रती काढल्यात, एक ग्रामपंचायतीत द्यायला आणि एक देवळाच्या दानपेटीशेजारी लावायला. निघताना नातवाने विचारलं, "दादा, वडाचा घेर दर वर्षी मोजायचा का?" म्हटलं, हो, मोजायचा आणि तारीख टाकायची. तर त्याने लगेच वहीच्या पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख टाकली.