मांजराचे पिल्लू : जातीचा तर्क आणि वाढीचा अंदाज

सुरतच्या लिंबायत-उधना भागात असो वा पणजीच्या बाजारपेठेत, पोरके पिल्लू घरी आले की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. हे कोणत्या जातीचे? आणि मोठेपणी केवढे होणार? यांपैकी पहिल्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तरच नसते. दुसऱ्याचे उत्तर मात्र स्वयंपाकघरातील वजनकाटा देऊ शकतो. हा भेद ध्यानात न घेतल्याने साध्या पिल्लाला ‘अर्धे पर्शियन’ म्हणून दाम मोजला जातो आणि वाढल्यावर ते तसे दिसले नाही, की तेच पिल्लू रस्त्यावर येते.

बंदर आणि लांब केस

सुरत आणि गोवा ही दोन्ही इराणी आखाताशी व्यापार करणारी बंदरे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने १६२० साली इराणमधून लिहिलेल्या पत्रात खोरासान प्रांतातील लांब, रेशमी केसांच्या मांजरांचे वर्णन केले असून, पोर्तुगीजांनी अशी मांजरे हिंदुस्थानात नेल्याचेही नमूद केले आहे. १६२३ मध्ये तो स्वतः सुरतेस उतरला आणि पुढे गोव्यात आला. त्यामुळे आपल्या गल्लीतील झुबकेदार शेपटीच्या मांजरात इराणी रक्त असावे, हा तर्क मोहक वाटतो.

परंतु मांजरांच्या जाती ही अलीकडची निर्मिती आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली भरलेल्या प्रदर्शनानंतर ठरावीक रूपासाठी मांजरांची निवड पद्धतशीर होऊ लागली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात तर आजचे पर्शियन मांजर इराणच्या परिसरातील मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातील मांजरांच्या अधिक जवळचे आढळले. ‘बॉम्बे’ ही काळीभोर जात मुंबईची नव्हे. ती अमेरिकेतील केंटकी राज्यात घडवली गेली. आपले गावठी मांजर म्हणजे अनेक जातींचा संकर नव्हे. जाती निर्माण होण्यापूर्वीपासून माणसाजवळ राहिलेले ते मूळ मांजर होय.

रूपावरून जात सांगताना फसगत होते, ती यामुळेच. लांब केसांचा गुण अप्रभावी असतो. आखूड केसांच्या आईबापांच्या अंगी तो दडलेला असला, तर त्यांनाही लांब केसांचे पिल्लू होऊ शकते. फिके अंग आणि गडद तोंड, कान व शेपूट असा सयामी नमुनाही याच रीतीने पिढ्या ओलांडून प्रकटतो. कपाळावरील इंग्रजी ‘एम’सारखी खूण पट्टेरी मांजरांत सर्वत्र आढळते. शिवाय एकाच वेतातील पिल्लांचे बाप निरनिराळे असू शकतात. म्हणून भावंडांवरूनही निष्कर्ष काढता येत नाही.

वय आणि वजन

आकाराचा अंदाज बांधण्यापूर्वी वय ठरवावे. डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. पुढचे दुधाचे दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात. डोळ्यांचा निळा रंग सहा ते आठ आठवड्यांनंतर पालटू लागतो. कायमचे दात चौथ्या महिन्याच्या आसपास येऊ लागून सातव्यापर्यंत पूर्ण होतात.

जन्मतः पिल्लू सुमारे १०० ग्रॅमचे असते आणि सुरुवातीला दर आठवड्याला तितकीच भर पडते. दोन महिन्यांचे सुदृढ पिल्लू ८०० ते ९०० ग्रॅम भरते. सोळाव्या आठवड्यातील वजनाची दुप्पट म्हणजे प्रौढ वजन, असा ढोबळ आडाखा आहे. त्यावेळी पावणेदोन किलो भरलेले पिल्लू साडेतीन किलोच्या आसपास स्थिरावेल. बोका मादीपेक्षा थोराड होतो. बहुतेक मांजरांची वाढ वर्षभरात पुरी होते. मेन कूनसारख्या मोठ्या जातीला तीन-चार वर्षे लागतात. पंजे वा कान मोठे म्हणजे मांजर मोठे होणार, हा भरवशाचा नियम नव्हे. जंत आणि कुपोषण यांनी मात्र वाढ निश्चित खुंटते. वजन आठवडाभर वाढले नाही, तर पशुवैद्यकाला दाखवावे.

ओळख खरोखर महत्त्वाची तेथे

एका बाबतीत मात्र ओळख चुकून चालत नाही. सुरत जिल्ह्यातील बारडोलीसारख्या ऊसपट्ट्यात, तसेच गोव्यातील शेता-कुळागरांलगत रानमांजराची पिल्ले आढळू शकतात. लहानपणी ती पट्टेरी, घरच्या पिल्लांसारखीच दिसतात. लांब पाय, तुलनेने आखूड शेपूट आणि कानांच्या टोकांवरील केसांची झुबकी ही वाढत्या वयाची लक्षणे. गुजरात-महाराष्ट्रातील वाघाटी तर जगातील सर्वांत लहान मांजरांपैकी एक. पूर्ण वाढ होऊनही तिचे वजन जेमतेम दीड किलोपर्यंत असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ही मांजरे पाळणे गुन्हा आहे. शेतात अशी पिल्ले दिसल्यास उचलू नयेत. आई बहुधा अंधार पडल्यावर परतते. वन खात्याला कळवून जागा मोकळी ठेवावी.

घरातील पिल्लाच्या बाबतीत जातीपेक्षा वयाला अधिक मोल आहे. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. मादी चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. नसबंदीचा निर्णय त्यापूर्वी घ्यावा लागतो. आठवड्यातून एकदा वजन करून तारखेसह वहीत टिपून ठेवावे. जातीच्या तर्कापेक्षा ही नोंद पशुवैद्यकाला अधिक उपयोगी पडते.