पावलांचा हिशेब

भगिनींनो, गेल्या पावसाळ्यापासून आपल्या मंडळात एक नवीच चढाओढ लागली आहे. सभा संपली की पिशवीतून मोबाईल निघतात आणि "आज तुमची किती पावले झाली?" अशी विचारपूस सुरू होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण धाकट्या मुलीने या विषयावर बरेच वाचून दाखविले, त्यातले थोडे सांगते.

पावले मोजण्याची विद्या जुनी आहे. १८६५ साली कुमाऊंकडील एक शाळामास्तर, पंडित नैनसिंग रावत, सरकारी मोजणीखात्याच्या कामासाठी वेष पालटून तिबेटात निघाले. हाती जपमाळ, पण तिला १०८ ऐवजी १०० मणी! दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा आणि दोन हजार पावलांचा एक मैल धरायचा. बघणाऱ्याला वाटे, बोवा नामस्मरण करीत आहेत. असे मोजीत मोजीत ते १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले.

त्यांनी रस्ता मोजला. चालणाऱ्याची प्रकृती मोजण्याची कल्पना पुढची. जपानात १९६५ साली कमरेला लावण्याचे एक यंत्र विकावयास आले. त्याचे नावच 'मांपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आपण ज्या दहा हजारांसाठी जीव टाकतो तो आकडा वैद्यांनी नव्हे, दुकानाने रूढ केला म्हणायचा! २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण, २,७०० चालणाऱ्यांपेक्षा, बरेच कमी आढळले. साडेसात हजारांपुढे फायदा फारसा वाढला नाही.

आता आपल्या मोबाईलचे. त्यात हालचालीचे हिसके ओळखणारा एक बारीक भाग असतो. पण तो अंगावर असेल तरच! मागल्या नवरात्रात आमच्याकडे तीस पाने उठली. माझी दिवसभर स्वयंपाकघर ते माजघर अशी धावपळ, आणि रात्री मोबाईल म्हणतो, अकराशे पावले. तो बिचारा ओट्यावर पडून होता. साडीला खिसा नसतो हे तो करणाऱ्यांच्या ध्यानी आले नसावे. घरातही हसे झाले, "आई बसूनच असते" म्हणून. मला ते लागले, खोटे कशाला बोलू?

डॉक्टर पावलांपेक्षा वेगळे बघतात. सासूबाईंना धाप लागे, तेव्हा त्यांना लांब ओसरीत सहा मिनिटे चालविले. "दमले तर थांबू का हो?" "थांबा आजी, पण घड्याळ थांबणार नाही." २१० मीटर झाले. १९७६ मध्ये छातीच्या रोग्यांसाठी बारा मिनिटांची चाचणी होती; ती रोग्यांना जड जाई, म्हणून १९८२ मध्ये सहा मिनिटे पुरतात असे दाखविण्यात आले. आता हे अंतर मोजणारी ॲपे निघाली आहेत, आणि २०२० पासून ॲपलचे मनगटी घड्याळ रोजच्या चालीवरून त्याचा अंदाज देते. तीन महिने रोज थोडे थोडे चालून सासूबाई २७० वर आल्या. त्यांची दिवसाची पावले अजून माझ्या शेजारणीच्या निम्मीही नाहीत.

मंडळाच्या मागील अंगणात तीस मीटरवर चुन्याच्या दोन खुणा करून घेतल्या आहेत. ज्यांना छातीचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी गुरुवारी भजनापूर्वी यावे. घड्याळ मी आणीन.